चिप चालली का?

४ ऑगस्ट
लेक आली. तीन वर्षांनी. एक बॅग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिच्या आईनं विचारलं, "किती दिवस आहेस?" तर म्हणे, "बघू." बस्स. तिनं आखलेला प्रोसेसर कारखान्यातून तयार होऊन यायचा होता — आला का, चालला का, काही पत्ता नाही.
मी विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? निघाली तेव्हा मीच म्हणालो होतो, "कॉलेजातली नोकरी सोडून चिपा करायला चाललीस. पुढे काय होईल ते मला सांगूही नकोस."

७ ऑगस्ट
दुपारभर झोपते. उठली की आईबरोबर भाजी निवडत बसते. चिप चालली असती तर माणूस इतकं गप्प बसतं का?
ही म्हणाली, "तुम्ही विचारा."
"तू विचार."
"मला काय कळतंय त्यातलं? तीस वर्षं तुम्हीच शिकवताय ना?"

१२ ऑगस्ट
वर्गात प्रोसेसरची पाइपलाइन शिकवली. फळ्यावर पाच चौकोन काढले — आधीची सूचना पुरी व्हायच्या आत पुढची आत घ्यायची — आणि मनात आलं, लेकीच्या प्रोसेसरला असे किती टप्पे असतील? ते सांगणारी घरात, पलीकडच्या खोलीत आहे. रात्री जेवताना तिच्याकडे मीठ तेवढं मागितलं.

१५ ऑगस्ट
नाही विचारलं.

१८ ऑगस्ट
ऑपरेटिंग सिस्टिमचा तास. एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, दुसरीला जन्म देते. त्या पोरीचं काम संपलं, तरी सिस्टिम तिची नोंद पुसत नाही. जन्म देणारीनं "कसं झालं?" म्हणून विचारेपर्यंत ती नोंदींच्या तक्त्यात तशीच पडून राहते. दरवर्षी सांगतो.
मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पण विचारलंच नाही तर?"
"तर राहते वाट बघत."
"मग चूक पोरीची नाही ना सर. पालकाचा प्रोग्रॅमच नीट लिहिलेला नाही."
वर्ग हसला. मीही हसलो. मग डस्टर शोधायला उगाच वेळ लावला.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
विचारलं.
"पहिल्याच दिवशी चालली, बाबा. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, म्हणून..." कागद ओढून आराखडाच काढायला बसली. आईलाही बोलावून घेतलं.
पंधरा दिवसांची रजा काढून आली होती. उद्या सकाळी निघतेय.