टाचांचं क्रीम, आईचं तोंड

प्रिय भोपू,

तुझं पार्सल पोचलं. सगळ्या डब्या आणि बाटल्या ओट्यावर मांडल्या, तर चहाचं भांडं ठेवायला जागा उरली नाही. तुझ्या बाबांनी चष्मा कपाळावर सारून एकेक डबी डोळ्यांशी धरली आणि पोरीने दुकान काढलंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काढलं नाही, कुणाचं तरी रिकामं केलंय. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस की यातलं तुला एकही लागू पडलं नाही, आणि आपलं दोघींचं कातडं एकाच जातीचं, तेव्हा कोरड्या, उतारवयाच्या चेहऱ्याला नेमकं चालतं तरी काय ते आईनेच सांगावं. सांगते. मग खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की पुढच्या आठवड्यात तू चेहऱ्यावर सुया टोचून घेणार आहेस, ऑफिसात नव्या पोरी आल्यात, त्यांच्यात तू थोराड दिसतेस, दोन दिवस तोंड सुजेल, तर मी येऊन नातीकडे बघावं आणि बाबांना काही बोलू नये. त्याचंही उत्तर देते. पण बाई, मी बेकरीत उभं आयुष्य काढलंय, पीठ फुगल्याशिवाय भट्टीत घालायची मला सवय नाही. आधी क्रीम.

माझं तोंड कशाने असं झालं ते तुला ठाऊकच आहे. पहाटे भट्टीचं दार उघडलं की पहिली झळ गालांवर यायची, आणि दार तर दिवसभर उघडायचं. तुझ्या वयाची होते तेव्हाच डोळ्यांच्या कडेला अशा रेघा पडल्या होत्या की गिऱ्हाइकं मला थोरली बहीण आणि तुझ्या बाबांना धाकटा भाऊ समजायची. ब्रेड घ्यायला येणारी एक बाई तर रोज न चुकता म्हणायची, अहो, जरा स्वतःच्या तोंडाकडे बघत जा. मी म्हणायचे, तोंडाकडे तुम्ही बघा, मला ब्रेडकडे बघायचंय. तू तेव्हा मागच्या दारात पिठाच्या पोत्यावर बसलेली असायचीस, आणि भूक लागली की असा भोंगा लावायचीस की आमच्या भट्टीवाल्या काकांनी तुझं नाव भोपू ठेवलं. कागदावरचं नाव शाळेत गेलं, घरी हेच राहिलं.

आता ऐक, तुझ्या बाबांनी केलेला पराक्रम तुला मी सांगितलेला नाही. बेकरी सोडली त्या वर्षी थंडीत माझे गाल तडतडायला लागले. हे औषधांच्या दुकानात गेले आणि एक नळी घेऊन आले. वरचं खोकं वाटेतच फेकलं, नळीवर 'कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेसाठी' एवढं वाचलं आणि मोठ्या रुबाबात माझ्या हातात दिली. मी काटकसरी बाई, पहिल्या दिवसापासून नळी खालून गुंडाळत वर आणत गेले. थोडं चुरचुरायचं, पण मी म्हटलं, गुणकारी आहे म्हणून चुरचुरतंय. आणि गाल खरंच मऊ झाले गं! समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने विचारलं, काय लावता हो? मी नाक वर करून नाव सांगितलं. तिनेही आणलं आणि तिच्या तोंडाची अशी आग झाली की पुढे कित्येक दिवस तिने माझ्याकडे बघितलं नाही. नळी संपत आली तेव्हा आतलं खरवडून घ्यायला मी ती सरळ केली आणि कात्री हातात घेतली, तर गुंडाळीत दडलेली ओळ बाहेर आली: फक्त टाचांसाठी. तुझे बाबा तेव्हा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी संपूर्ण हिवाळा टाचेचं क्रीम तोंडाला लावून मिरवत होते. आणि लोक कौतुक करत होते!

मग मी स्वतः दुकानात गेले. तिथली औषधवाली भली मुलगी आहे. तिने हसू दाबत सांगितलं की टाचेचं जाड कातडं सोलून काढायचं क्रीम ते, मऊ करतं हे खरं, पण तोंडासाठी फार कडक, नशीब समजा सालपटं निघाली नाहीत. मग तिने जे सांगितलं ते मी वापरते, आणि तेच तुला सांगते. तुझ्या डब्यांपैकी ज्यांना अत्तरासारखा वास येतो त्या सगळ्या मी बाजूला काढल्यात, कोरड्या तोंडाला वास बाधतो. खरखरीत दाणे असलेली घासायची बाटली तर केराच्या डब्यातच टाकली. उरली ती बिनवासाची पांढरी नळी, जी तू बहुधा दिसायला साधी म्हणून पहिल्या दिवशीच नाकारलीस. तिच्यावर ग्लिसरीन आणि सेरामाइड लिहिलंय, दोन्ही कातड्यात ओल धरून ठेवतात, तीच तुझ्यासाठी ठेवलीय. आधी जबड्याखाली थोडी लावून तीन-चार दिवस बघ, लाली आली नाही तरच पुढे जा. कढत पाण्याने आणि साबणाने तोंड धुऊ नकोस. दिवसा वरून उन्हाचं क्रीम लाव, ढग असले तरी. आणि मुख्य म्हणजे तोंड पुसून कोरडं ठणठणीत करून मग क्रीम लावतेस ना, तिथेच चुकतेस. मळलेलं पीठ उघडं राहिलं की त्यावर पापुद्रा धरतो, मग वरून कितीही तेल चोपडा, आत जात नाही. आपण काय करायचो? आधी ओलं फडकं. तसंच तोंड ओलं असतानाच लावायचं. बाकी ज्या डबीवर वय थांबवणारं असं लिहिलंय, त्या डबीला माझा नमस्कार. वय एकदाच थांबतं, आणि तेव्हा क्रीम लावून घ्यायला आपण नसतो. सुरकुत्या जाणार नाहीत, भोपू. कोरडेपणा जाईल, खाज जाईल, हसताना ताणणार नाही. यापलीकडे जो कोणी वचन देतो तो तोंडाला पानं पुसतो.

आता दुसरं. गेले काही दिवस तू फोन करतेस तेव्हा कॅमेरा बंद असतो. कधी नेट नाही, कधी चार्जिंग नाही, कधी तू म्हणे अंघोळ करून आलीयेस. आणि बोलतेस इतकं हळू की तुझे बाबा शेजारी बसून विचारतात, कोण आहे? ज्या पोरीच्या भोंग्यापुढे भट्टी ऐकू यायची नाही, ती पोर स्वतःच्या घरात कुजबुजते, आणि मला सांगते की ऑफिसात नव्या पोरी आल्यात. अगं, तू नव्या पोरींना घाबरणारी नव्हेस. तुझ्या आत्याने सगळ्या पाहुण्यांसमोर म्हटलं होतं की पोरगी आईच्या वळणावर गेली, बापाचं नाक घेतलं असतं तर बरं झालं असतं. तू जेमतेम सात वर्षांची. तू पाटावरून उठून ओरडलीस की मला आईचंच नाक पाहिजे होतं आणि मी मागून घेतलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, आनंदाने. ते तुला कधी कळलं नाही, आज कळू दे. आणि तुझे बाबा? माझ्या तोंडाबद्दल ते आजवर एकच गोष्ट बोललेत, की गालाला पीठ लागलंय. आणि स्वतःच्या बाहीने पुसलंय.

आता खरं लिहिते, कारण हे पत्र क्रीमसाठी नाही. परवा शाळेतून आल्यावर तुझ्या लेकीने मला फोन केला. तू घरी नव्हतीस. तिने विचारलं, "आजी, तुझ्यासारखं दिसणं वाईट असतं का?" मी हळूहळू काढून घेतलं. पोर म्हणाली, माझे बाबा आईला म्हणाले, तू आता थेट तुझ्या आईसारखी दिसायला लागलीस, चारचौघांत तुझ्याबरोबर जायची लाज वाटते. मग आई आरशासमोर बसून राहिली. आणि पोर शेवटी म्हणाली, सगळे म्हणतात मी आईसारखीच दिसते, मग मला पण सुया लागणार का? भोपू, त्या माणसाने माझ्या तोंडाला नाव ठेवलं याचं मला काडीचंही दुःख नाही, भट्टीने यापेक्षा जास्त चटके दिलेत. पण माझ्या तोंडाचा दगड करून त्याने तुला मारला, आणि तो माझ्या नातीला लागला. हे मी खपवून घेणार नाही. सुया घ्यायच्या तर घे, तोंड तुझं, मर्जी तुझी, आणि तुझी स्वतःची हौस असेल तर मी हात धरून शेजारी बसेन. पण त्याच्या लाजेपायी तू एक टोचासुद्धा घेणार नाहीस. मी येते. बाबांनाही घेऊन येते, त्यांना मी सगळं सांगितलंय आणि त्यांनी बॅगसुद्धा काढलीय. मी नातीकडे बघायला येत नाही, जावईबापूंकडे बघायला येते. रोज जेवताना त्यांच्या समोरच्या खुर्चीत हेच तोंड घेऊन बसणार, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तुझी लेक. एकाच साच्यातली तिन्ही. ज्याला बघवणार नाही त्याने आपलं ताट उचलून आत जावं, तू उठायचं नाहीस. ती साधी नळी मी घेऊन येते, पहिल्या दिवशी ओल्या तोंडाला मीच लावून देईन, नातीला बघू दे. आणि हे पत्र वाचून झालं की लगेच फोन कर, कॅमेरा चालू ठेवून, मोठ्याने बोलत. मला माझं तोंड बघायचंय.

तुझीच, आणि थेट तुझ्यासारखीच दिसणारी,
आई