वाळू झाडू नये

मी, हंबीरराव कृष्णात चौगुले, वय ७४, मूळचा निपाणीचा, चाळीसेक वर्षे मुक्काम मल्लेश्वरम, बेंगळूरू, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि नाश्ता झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी सौ. सुचेता समोर बसून शेंगा सोलते आहे आणि अधूनमधून "अहो, हे काढा" म्हणते आहे, ते दडपण धरू नये. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉ. कावेरी हेगडे यांनी दिला आहे. रक्तदाब तपासून त्या म्हणाल्या, "अंकल, एवढी घाई कशाला? तुमचं बीपी माझ्यापेक्षा स्वल्प बरं आहे." दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. मल्लेश्वरमचे घर आणि बँकेतील सर्व ठेवी सुचेताला. यावर चर्चा नाही.

कलम २. माझी मोठी दुर्बीण मुलगा चि. क्षितिज याला. ती डोळ्याला लावून एका जागी गप्प बसायचे असते, हे त्याला कोणीतरी सांगावे. मी बरेचदा सांगून पाहिले.

कलम ३. माझे पक्ष्यांचे जाड पुस्तक सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या रोशनला. ते त्याच्याकडेच आहे. 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेले आणि गेली कैक वर्षे रोज "उद्या नक्की" म्हणतो. आता ते रीतसर त्याचे झाले; निदान त्याने माझी नजर चुकवणे तरी थांबवावे.

कलम ४. कारवारजवळ खाडीच्या तोंडाशी असलेले माझे कौलारू घर व पुढची वाळूची पट्टी. खरे मृत्युपत्र याच कलमासाठी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हे घर मी निवृत्तीनंतर माझ्या कमाईतून घेतले. तेव्हा आम्हा निपाणीकरांना पांढरे दिसले की बगळा आणि काळे दिसले की कावळा, एवढेच पक्षी ठाऊक. सुचेताने नियम केला की पुस्तक लगेच उघडायचे नाही. आधी पक्षी चालतो कसा, खातो काय ते बघायचे, मग त्याला नात्यातल्या कोणाचे तरी नाव द्यायचे, आणि ओळख झाल्यावरच पुस्तकातले नाव शोधायचे. बुड हलवत चालणारा तुतवार माझा आतेभाऊ झाला. सुरूच्या शेंड्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा समुद्री गरुड म्हणजे माझ्या सासूबाई. हे नाव सुचेतानेच दिले, याची नोंद घ्यावी. आणि एक ठेंगणा चिखल्या, जो चार पावले पळतो, काहीतरी विसरल्यासारखा थांबतो आणि पुन्हा पळतो, त्याला माझे नाव मिळाले. त्याच्या मादीलाही आम्ही हंबीररावच म्हणतो.

हे हंबीरराव उघड्या वाळूत, शिंपल्यांच्या चुऱ्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूचाच, त्यामुळे शेजारी उभे राहिले तरी दिसत नाहीत. आम्ही येणार कळले की घराची देखभाल करणारे गुंडूअण्णा पायरीपासून पाण्यापर्यंत वाळू लख्ख झाडून ठेवत. पाहुण्यासाठी अंगण झाडायचे, ही त्यांच्याकडची रीत. झाडलेल्या ढिगात सुचेताला फुटकी अंडी दिसली, तेव्हा आम्ही झाडणे बंद करायला सांगितले. अण्णा कळवळले, "साहेब, पाव्हणे आले आणि वाळू तशीच? गाव काय म्हणेल?" तरीही त्यांनी ऐकले. त्या घराच्या सर्व माडांचे नारळ त्यांना तहहयात द्यावेत.

आता सून सौ. हर्षिता. नागपूरची, इथे बेंगळूरूत महादेवपुऱ्याला नोकरी, आणि स्वच्छतेच्या बाबतीत माझी कायमची वैरीण. एकदा तिने माझ्या दुर्बिणीची काच भांडी पुसायच्या फडक्याने पुसली होती. ते मी विसरलेलो नाही.

गेल्या मार्चमध्ये सगळे कारवारच्या घरी गेलो. क्षितिज टेप घेऊन वाळू मोजू लागला. "बाबा, पायरीपासून पाण्यापर्यंत पेव्हर टाकले की होमस्टे मस्त चालेल." तेवढ्यात हर्षिता खराटा घेऊन बाहेर पडली. मी ओरडणार, तोच तिच्या पायापुढून एक चिखल्या पंख फरफटत निघाला.

"बाबा, हंबीररावांचा पंख मोडला! क्षितिज, टेप ठेव, गाडी काढ!"

ती मागे आणि तो पुढे, असे दोघे ओल्या वाळूपर्यंत गेले. तिथे तो पक्षी धडधाकट उडून गेला. हर्षिता बघतच राहिली. "अगं, हे सोंग असतं," मी म्हणालो. "तुला अंड्यांपासून लांब न्यायचं होतं तिला." हर्षिता स्वतःच्या पाऊलखुणांवर पाय ठेवत परत आली, वाकली आणि तिला अंडी दिसली.

"म्हणजे ती मुद्दाम माझ्यापुढे आली? माझ्या हातात खराटा असताना?"

तिला रडू आले. मलाही आले, हे लिहायला लाज वाटत नाही. मग तिने खराटा आत टाकला, नवऱ्याच्या हातातला टेप काढून घेतला आणि म्हणाली, "इथे काही होणार नाही." उरलेली सुट्टी तिने ओट्यावर बसून राखण केली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणा ध्रुवला कुजबुजत सांगत होती, "हळू बोल रे, बाजूला अंडी आहेत." पिल्ले बाहेर आल्याचा फोन गुंडूअण्णांनी मला नाही, तिला केला.

सबब हे घर व पट्टी मी सौ. हर्षिता क्षितिज चौगुले हिला एकटीला देत आहे. सुचेताने तिथे हवे तेव्हा, हवे तितके राहावे. क्षितिज, रागावू नकोस. तू चांगला मुलगा आहेस, पण तुला दिले तर तू प्रेमाने पेव्हर टाकशील.

कलम ५. माझ्या अस्थी त्याच खाडीत सोडाव्यात. मात्र वाळूत अंडी असतील तर दिवसकार्यासाठी कोणीही पट्टीवर उतरू नये, भटजींनीसुद्धा नाही. पिल्ले पळायला लागेपर्यंत मला घरातच फडताळात ठेवावे. केव्हा न्यायचे ते हर्षिताने ठरवावे. मला घाई नाही.

वरील मजकूर मी वाचला, सुचेताने दोनदा वाचला आणि शेवटचे कलम काढू दिले नाही.

सही: हंबीरराव कृष्णात चौगुले

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. कावेरी हेगडे, शेजारी
२. वासुदेव नाडगौडा, मित्र

स्थळ: मल्लेश्वरम, बेंगळूरू
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५