वरचा कागद

मंगळवार, दिवेलागण. पांढुर्णा.

आज वर्गात राउटर शिकवला. इंटरनेटवरून जाणाऱ्या पॅकेटवर, म्हणजे मजकुराच्या पुडक्यावर, कागदासारखे थरावर थर असतात. राउटर सगळ्यात वरचा काढतो, आतला पत्ता पाहतो, पुढच्या टप्प्याचा नवा कागद चढवतो. पूर्ण रस्ता त्यालाही माहीत नसतो, आणि आतली चिठ्ठी, म्हणजे मजकूर, तो उघडत नाही.

मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, मंग त्या काढलेल्या कागदाचं काय होते?"

"फेकतात. त्याचं काम झालं."

घरी येताना स्टँडवरच्या पानठेल्यावरून संत्र्यांचा डबा घेतला. आई हंगामात दर महिन्याला सौंसरहून कंडक्टरच्या हाती पाठवते. मी वरचा कागद फाडून फेकते, आतली तिची चिठ्ठी वाचते. आज कागद हातातच राहिला. त्या पोरीचा प्रश्न डोक्यात घोळून राहिला होता.

"पांढुर्णा स्टँड, पानठेला." रफार पतंगासारखा वर गेलेला. हे अक्षर आईचं नाही. बाबांचं. माझ्या लग्नापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

आईला फोन केला. "वरचं कोण लिहिते?"

"तुहे बाबाच ना. दरखेपी. आतबी दोन शब्द लिवा म्हटलं, तं म्हणतात, आतलं तू लिव, वाट मी सांगतो."

तीन वर्षांचे कागद. सगळे फेकले मी.

खोलीभर संत्र्याचा वास आहे. तो रफार अजून उडूनच राहिला आहे, सौंसरच्या बागांवरून, हळूहळू इकडे.

उद्या रिकामा डबा परत जाईल. दर वेळी त्यावर आईचं नाव घालते. उद्या बाबांचं घालीन.