राहून गेलेली फायनल

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी लेकीचा फुटबॉलचा सामना होता. नदीकाठच्या मैदानावर सायकलने गेलो. एक-शून्यने हरलो. येताना तांदूळ आणला. हे कामासाठी नागोयाला आहेत, बुधवारी येतील.

बाबा, तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. तेरा वर्षांची आहे, इथे हिगाशी-कसाईतच वाढली. शाळेच्या संघात बॅकला खेळते, तुमच्यासारखीच. आजचा गोल तिच्या बाजूने झाला. जेवताना खाली मान घालून बसली होती. मग एकदम म्हणाली, "आई, आजोबांची टीम चॅम्पियन होती ना? फायनल कशी जिंकली?"

तेवढी फायनल मला ठाऊक नाही.

तुम्ही रविवारी स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलायचात आणि एक सामना सांगायचात. एका रविवारी एकच, तोही क्रमाने. कॉलेज एवढं लहान की अकरा जण जमवताना मारामार. महायुद्ध संपून थोडीच वर्षं झालेली. लष्कराने विकायला काढलेले जुने बूट कुणीतरी बाजारातून आणले, ते चौघांना पुरले. बाकीचे अनवाणी, त्यात तुम्ही. पहिल्याच सामन्यात समोरचा कॅप्टन ओरडला होता, "काय रे, बाकीचे बूट मागच्या गाडीने येतायत का?" हे सांगताना तुम्ही दर वेळी हसायचात. मी विचारायची, "तुम्ही किती गोल मारलेत?" तुम्ही म्हणायचात, "बॅकने गोल मारायचा नसतो गं. बॅकचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं, तर समजायचं, काहीतरी चुकलंय."

सेमीफायनल सांगून झाली त्याच्या पुढचा रविवार. माझं दहावीचं वर्ष. मी पुस्तक घेऊन बसले आहे, तुम्ही शेंगांचं ताट पुढे ओढता. "तर फायनलच्या दिवशी सकाळी काय झालं..."

"बाबा, पुरे की आता. कप कॉलेजच्या कपाटात पडलाय. आपल्याला काय मिळालं त्यातून?"

आई ओट्यापाशी उभी होती. तीही म्हणाली, "तिची परीक्षा तोंडावर आलीय आणि तुमचं आपलं फुटबॉल!"

तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. तू अभ्यास कर." रागावला असतात तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी मी पुस्तक मिटून तुमच्यासमोर येऊन बसले. तुम्ही विचारलंत, गणित कुठवर आलं. त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होतात. माझ्या लग्नात होतात, आजारपणात मी आठवडाभर तुमच्या उशाशी होते. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मला वाटायचं, तुम्हीच कधीतरी सुरू कराल. मैदानाच्या कडेला उभी असले की अजूनही वाटतं, शेजारून कुणीतरी म्हणेल, तर फायनलच्या दिवशी सकाळी काय झालं.

आज मीच सुरू केलं. म्हटलं, आदल्या दिवशी खूप पाऊस झाला होता, मैदानात नुसता चिखल. बूटवाले घसरून पडत होते आणि अनवाणी पोरांची बोटं मातीत घट्ट रुतत होती. शेवटच्या मिनिटाला चेंडू आजोबांकडे आला आणि ते थेट पुढे पळत सुटले.

"पण ते बॅक होते ना? बॅक एवढा पुढे कसा गेला?"

"अडवायला कुणी उभंच नव्हतं. सगळे चिखलात."

"उसो!" ती ओरडली. इथल्या जपानी मुलांना नवल वाटलं की ती असं म्हणतात. शब्दाचा अर्थ मात्र 'खोटं' असा आहे.

मी म्हणाले, "खरंच."

ती हसली. पुन्हा भात वाढून घेतला. उद्या शाळेत हे सगळ्यांना सांगणार आहे, तुमचं नाव नीट कसं म्हणायचं तेही तिने मला विचारून घेतलं. म्हणजे आता तुमचं नाव लोकांच्या लक्षात राहणार, बाबा. चूक झालीच आहे, पण ती तुमची नाही.

ती अंघोळीला गेली आहे. तिचे मोजे बादलीत भिजत घातले आहेत. आज मैदान कोरडं होतं, नुसती धूळ आहे. साबण लावून चोळून घेते.