खाडाखोड नसलेला कागद

मी, खाली सही करणारा, पाट्या रंगवणारा पेंटर, वय पंचावन्न, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. टर्पेंटाइनने फुप्फुसे खाल्ली आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी मोकळ्या जागा भरायचा छापील नमुना दिला होता. त्या जागांत माझे म्हणणे मावेना. तेव्हा ते म्हणाले, "मग काका, स्वतः लिहा. पण खाडाखोड नको. एक अक्षर गिरवलंत तरी मुलगा त्यावरून कोर्टात जाईल." वकील माझ्या मुलाला ओळखतात.

कलम १. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. अक्षरेही. मी चौथीत शाळा सोडली असे दाखल्यावर आहे. खरे तर शाळेने मला सोडले. आमच्या मास्तरांचे लेखन बिनचूक होते. त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही. मी दुकानांच्या पाट्या बघून वाचायला शिकलो. त्यांतली एक, औषधांच्या दुकानाची, चुकीची होती. ती चूक मी कित्येक वर्षे इमानाने रंगवत राहिलो. शेवटी एका गिऱ्हाइकाने ती भर रस्त्यात, चार लोकांना हाका मारून दाखवली. पहिले अक्षर ज्याच्याकडून घ्यायचे त्याचे अक्षर बरोबर असावे, हे माझे मत तेव्हापासूनचे आहे. ते पुस्तकातून आलेले नाही.

कलम २. दुकानाचा गाळा मुलाला द्यावा. तो त्याने माझ्या हयातीतच घेतला आहे, कागद तेवढा राहिला होता. तिथे आता त्याचे फ्लेक्स छापायचे यंत्र आहे. त्याच्या एकाही फ्लेक्सवर मला धड ओळ सापडलेली नाही. सांगायला गेलो तर म्हणाला, "बाबा, वेलांटी कोण बघतं? गिऱ्हाइकाला फोटो मोठा लागतो." त्याचा धंदा उत्तम चालला आहे. माझे ब्रश मात्र त्याला देऊ नयेत. तो त्यांनी यंत्रावरची धूळ झटकेल.

कलम ३. शाळेच्या मुख्याध्यापकांना काळ्या रंगाचा उरलेला अर्धा डबा द्यावा. तोंडाला फासायला पुरेल, पण त्यांनी तो फळ्यालाच लावावा.

माझी मुलगी त्यांच्या शाळेत शिक्षिका होती. मागे पडलेल्या मुलांचा वर्ग तिच्याकडे असे. मुख्याध्यापकांनी मला पालकसभेला पाहुणा म्हणून बोलावले, पुढच्या खुर्चीत बसवले आणि सर्वांसमोर विचारले, शिक्षकाचे लेखन बिनचूक असावे की नाही. मी म्हणालो, असलेच पाहिजे. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याने खडू हातात धरू नये. टाळ्या पडल्या. मग त्यांनी एका फळ्याचा फोटो दाखवला. त्यात चार चुका होत्या. अक्षर माझ्या मुलीचे होते.

तिची जागा त्यांना आपल्या भाचीसाठी हवी होती, हे मला मागाहून कळले. मुलगी सभेत मागे बसली होती. मी बोललेले परत घेतले नाही, कारण ते खरे होते. बाहेर पडताना ती एवढेच म्हणाली, "बरोबर बोललात, बाबा. नेहमीसारखं." तिची नोकरी गेली. त्यानंतर ती या घराचा उंबरा चढलेली नाही.

सभेत आमच्या डोक्यावर स्वागताचा फ्लेक्स लावलेला होता, माझ्या मुलाने छापलेला. त्यात फळ्यापेक्षा जास्त चुका होत्या. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

शाळेच्या दारावरची पाटी माझ्या हातची आहे. ती पुसट झाली की माझ्या मुलाकडून फ्लेक्सवर करून घ्यावी. मुख्याध्यापकांना देण्यासारखी याहून मोठी शिक्षा माझ्याजवळ नाही.

कलम ४. राहते घर मुलीला द्यावे. सगळे. मुलगा म्हणेल, तिनेच बाबांना भरीस घातले. जी माझ्याशी बोलतच नाही ती भरीस कशी घालणार? कारण लिहून ठेवतो.

ती सध्या सायकलच्या दुकानावरच्या माडीत, भाड्याच्या खोलीत, शाळांनी वाऱ्यावर सोडलेल्या मोठ्या माणसांना वाचायला शिकवते. आमच्या समोरच्या इस्त्रीवाल्या बाई तिथे जातात. मागे त्या माझे शर्ट द्यायला आल्या आणि दारावरच्या पाटीवर बोट फिरवत, एकेक अक्षर जोडत उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "दादा, हे तुमचं नाव होय? मी इतकी वर्षं नक्षी समजत होते."

ती पाटी हे माझे सर्वांत नेटके काम आहे. तीत कोणी चूक काढून दाखवावी. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

माझे मत बदललेले नाही. शिक्षकाने बिनचूक लिहावे, हे मी शेवटच्या श्वासापर्यंत म्हणेन. पण बिनचूक मास्तरांनी मला बाकावर सडवले आणि चुकणाऱ्या माझ्या मुलीने या बाईंना वाचते केले, याचे उत्तर मला देता येत नाही. घर देताना शुद्धलेखनाची एक अट घालावी असे फार वाटले. घातलेली नाही. पुढच्या खोलीची भिंत काळी रंगवून ठेवली आहे. तिथे वर्ग भरेल. ब्रशही तिलाच द्यावेत. तिच्या लिहिण्यावर नजर ठेवायला मी नसेन, याचे तिला बरेच वाटेल.

कलम ५. माझ्या निधनाचा फ्लेक्स लावू नये. मुलगा फुकट छापून देईल, तरीही.

वरील मजकूर मी एकदा सुरुवातीकडून आणि एकदा शेवटाकडून उलटा वाचला आहे, पाटी तपासतो तसा. खाडाखोड नाही.

लिहून ठेवणार : (सही) पेंटर
ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर, रविवार

साक्षीदार १ : (सही) दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) समोरच्या इस्त्रीवाल्या बाई. अंगठा उठवलेला नाही, सही केली आहे.

टीप : साक्षीदार २ यांच्या सहीत एक चूक आहे. ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. दुरुस्त केली तर खाडाखोड होईल आणि मुलीच्या हातचे घर जाईल, म्हणून तशीच ठेवली आहे. त्या सहीला कोणी हात लावू नये. सही झाल्यावर त्यांनी विचारले, "बरोबर आलं ना, दादा?"

मी हो म्हणालो.