टीव्हीसमोर भरलेली ओटी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की खुशाली विचारण्यात अर्थ नाही. सरळ मुद्द्यावर येते. काल एका कॉलेजात बोलायला गेले होते. केबल नवीन असताना मुंबईच्या वाहिनीत कार्यक्रम-प्रमुख म्हणून मी काय काय नवं केलं, ते सांगायचं होतं. गाजलेलं सगळं सांगितलं. तुझा कार्यक्रम तेवढा सांगता आला नाही.

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या जुन्या सुपा गावाचा. त्या उन्हाळ्यात पाणी उतरून देवीचा चौथरा चिखलातून वर आला होता. कॅमेरामन म्हणतो, "आजी, जरा इकडे तोंड करा." तू त्याला झापतेस, "देवीकडं पाठ करू व्हय रे? तूच फिर तिकडं." तो मुकाट फिरतो. परतताना मला म्हणतेस, "आता परत एवढं चालवायचं न्हाई. घरात बसून एकदा बघीन, म्हंजे झालं."

दाखवायच्या दिवशी दुपारी वरून निरोप आला, जाहिरातदाराला ती वेळ गाण्याच्या स्पर्धेसाठी हवी आहे. मी भांडले, राजीनाम्याची भाषा केली. काही चाललं नाही. आणि म्हणे प्रमुख! धरणानंतर तुम्हाला वसवलं त्या रामनगरला फोन लावत राहिले, लाइन बंद. पुढचं मावशीनं सांगितलं. केबलवाल्याच्या घरी तू जुन्या गावच्या बायका जमवल्या होत्यास. "चपला भाईर काढा गे, देवी येणार हाय." टीव्हीसमोर तांदूळ, नारळ, खण मांडलेस. पडद्यावर पोरी गाऊ लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुझी देवी मुंबईला जाऊन लई नटली की गे!" सगळ्या हसल्या. "मांडलेली ओटी उचलू न्हाई," एवढंच बोलून तू त्या पोरींसमोरच ओटी भरलीस.

मी दुसरी वेळ मागत राहिले. टेपा महाग, पुसून पुन्हा वापरायची पद्धत. तुझ्या टेपवर कुणीतरी पाककृतींच्या कार्यक्रमाचा भाग चित्रित केला. शेवटी एखादा तुकडा उरला असेल म्हणून मी तो पूर्ण पाहिला. काही उरलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं नाही, आणि पावसाळ्यात तू गेलीस.

काल एका मुलीनं विचारलं, "तुमचा स्वतःचा आवडता कार्यक्रम कोणता?" "वेळ संपली," असं सांगून मी उठले. आई, चौथऱ्यामागे कुठलं झाड होतं, ते मला आठवत नाही. डोळे मिटून आठवायला बसले, की एक बाई पातेल्यात काहीतरी ढवळत असते.