तुझ्याच पेशी

ताई,

तू दिलेली किडनी परवा काढून टाकली. तिच्यात कॅन्सर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "गाठ तुमच्या पेशींची नाही, बहिणीच्या पेशींची आहे. त्यांना ताबडतोब तपासून घ्यायला सांगा." मी मान डोलावली. आणि घरच्यांना बजावलं की, ताईला यातलं काही कळता कामा नये.

तीन वर्षं तू मला चारचौघांत मिरवलंस. माझ्या ऑफिसात येऊन साहेबांना म्हणालीस, "हिला जपा बरं का, आत माझी किडनी आहे." घराच्या वाटणीत मी तोंड उघडलं, तेव्हा सगळ्यांसमोर विचारलंस, "जिवंत आहेस ती कुणामुळे?" मी मुकाट्याने सही केली.

काल तुझा फोन आला. "काय गं, माझी किडनी काय म्हणतेय?"

"मजेत आहे."

"असणारच. माल कुणाचा आहे!" तू खदखदून हसलीस. मग सहज म्हणालीस, "माझीच कंबर हल्ली भरून येते."

मी म्हटलं, "शेक घे."

हे पत्र मी पाठवणार नाही.

तुझी किडनी माझ्या शरीराने नाकारू नये म्हणून घेत होते, त्या गोळ्या आता बंद झाल्या. तुझ्या उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी माझं शरीर परक्या म्हणून ओळखेल आणि मारून टाकेल, असं डॉक्टर म्हणतात. डायलिसिसवर का होईना, मी जगेन.

तुझ्या शरीराला मात्र त्या आपल्याच वाटतील.

तुझ्या उपकारातून सुटलेली,
धाकटी